व्हिडिओ शोधमोहीम : सहावीच्या ‘साधी यंत्रे’ या पाठासाठी, यादी लिहिण्यापासून क्लिप तपासण्यापर्यंत

व्हिडिओ शोधमोहिमेत मुलांच्या गटाला एक यादी मिळते. यादीत सांगितलेल्या गोष्टी शाळेच्या आवारात शोधायच्या आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट छोट्या क्लिपमध्ये पकडायची, एवढाच खेळ. मुले हौसेने पळतात यात शंका नाही, पण पळणे म्हणजे शिकणे नव्हे. पाच मुले एका फोनमागे धावून ‘ही कात्री, ही कप्पी, हे चाक’ अशी दहा चित्रे घेऊन आली, तर वर्गात बसून चित्र पाहण्यापेक्षा वेगळे काही घडले नाही. ही मोहीम यादीतल्या वाक्यांवर तरते किंवा बुडते. म्हणून फोन आणि ॲप यांच्याआधी यादीचा विचार करावा.

इथे सहावीच्या सामान्य विज्ञानातला ‘साधी यंत्रे’ हा पाठ धरून पूर्ण आखणी दिली आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू, चाक-आस यांतले बहुतेक सगळे कोणत्याही शाळेच्या आवारात सापडते आणि ते चालू असतानाच नीट कळते. वर्ग तीस मुलांचा, पाच-पाच जणांचे 6 गट, प्रत्येक गटाकडे एक फोन किंवा टॅब आणि सलग दोन तासिका, म्हणजे साधारण 70 मिनिटे, असा हिशेब धरला आहे.

व्हिडिओ खरेच हवा का?

आधी एकच कसोटी लावा : उत्तर स्थिर फोटोत मावते का? मावत असेल तर फोटोच काढायला सांगा, व्हिडिओचा खटाटोप नको. आवारातले काटकोन किंवा पानांचे आकार शोधायला फोटो पुरतो. काही हलते, बदलते, मोजले जाते, किंवा ‘का’ हे तोंडाने सांगावे लागते, तिथे व्हिडिओ. दार बिजागरीजवळ ढकलताना हाताला किती जोर लागतो ते फोटोत दिसत नाही, व्हिडिओत मुलाच्या चेहऱ्यावरसुद्धा दिसते.

आवाराची फेरी

मोहिमेच्या आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला, वही घेऊन आवारात एक फेरी मारा. त्याच वेळेला अशासाठी की सकाळी सावलीत असलेला व्हरांडा दुपारी दोनला उन्हात असतो आणि वस्तूच्या पाठीमागून ऊन आले की कॅमेऱ्यात ती काळी दिसते. कोणते यंत्र कुठे आहे ते लिहून काढा : व्हरांड्याचा रॅम्प, ध्वजस्तंभाची कप्पी, हातपंप, दारे, नळाच्या तोट्या, बाकांचे बोल्ट, सायकलींचे पेडल, खराटे. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली सांडशी आणि चिमटा फार कामाचे आहेत, पण चूल किंवा शेगडी चालू असताना मुले आत जाता कामा नयेत. आधीच सांगून ती भांडी बाहेर एका टेबलावर मांडून घ्या. अडकित्ता, लिंबू पिळायचे यंत्र अशा घरून आणलेल्या दोन-चार वस्तूही त्याच टेबलावर ठेवता येतात.

कुठे जायचे नाही तेही याच फेरीत ठरते : पाण्याची टाकी, गच्ची, विजेचा बोर्ड, फाटकाबाहेरचा रस्ता. तिथे खडूने फुली मारा. मुलांना तोंडी सांगितलेली हद्द धावण्याच्या भरात लक्षात राहत नाही.

ज्यांचे उत्तर आवारात एकाच जागी सापडते अशी कोडी, म्हणजे यादीतली वाक्ये, दोनपेक्षा जास्त नकोत. आवारात ध्वजस्तंभ एकच असतो. तीन गट एकाच वेळी तिथे पोचले की रांग लागते आणि रांगेतली मुले पुढच्या गटाचे उत्तर ऐकून तेच बोलतात.

यादी लिहिणे

‘तरफ शोधा’ हे वाक्य टाकाऊ आहे. मूल पुस्तकातले चित्र आठवून कात्रीकडे बोट दाखवेल आणि पुढे जाईल. वाक्यात वस्तूचे नाव नसावे, गुणधर्म असावा. शिवाय काय करून दाखवायचे आणि काय सांगायचे हे दोन्ही असावे. या पाठासाठी सहा कोडी अशी (टेकू म्हणजे तरफेचा दांडा ज्यावर फिरतो तो बिंदू, बल म्हणजे आपण लावतो तो जोर, भार म्हणजे ज्यावर तो जोर चालवायचा ते) :

1. जड वस्तू न उचलता वर नेता येईल अशी जागा शोधा. तिची तिरपी लांबी आणि ती जितकी वर जाते ती उंची टेपने मोजा. टेपवरचे आकडे कॅमेऱ्यात वाचता आले पाहिजेत. लांबी उंचीच्या किती पट आहे आणि त्यामुळे काय सोपे होते ते सांगा.
2. टेकू मध्ये आणि बल व भार दोन टोकांना असलेली वस्तू शोधा. ती वापरून दाखवा. टेकू, बल, भार या तिन्हींना बोट लावा.
3. भार मध्ये असलेली वस्तू शोधा. तीच वस्तू एकदा टेकूपासून लांब आणि एकदा टेकूजवळ बल लावून चालवा. कधी जास्त जोर लागला?
4. बल मध्ये असलेली वस्तू शोधा. यात जोर वाचतो का? वाचत नसेल तर ती वस्तू वापरायची कशासाठी?
5. खाली ओढले की दुसरीकडे काहीतरी वर जाते अशी जागा शोधा. चालवून दाखवा. जोर कमी लागतो की फक्त दिशा बदलते?
6. पाचर किंवा स्क्रू असलेली अशी वस्तू शोधा, जी दुसऱ्या कोणत्याही गटाला सापडणार नाही. ती नसती तर हे काम कसे करावे लागले असते?

दुसऱ्याला हातपंप, कात्री, सांडशी, सी-सॉ काहीही चालेल. तिसऱ्याला दार हे उत्तम उत्तर : बिजागरी हा टेकू, दाराचे वजन हा मधला भार, कडीजवळचा हात हे बल. चौथ्याला चिमटा किंवा लांब दांड्याचा खराटा. पाचव्यासाठी ध्वजस्तंभ वापरायचा असेल तर मोकळी दोरी ओढायची, झेंडा लावून खेळ करायचा नाही, हे आधी बजावून सांगा. सहावे कोडे मुद्दाम मोकळे ठेवले आहे. बाटलीच्या झाकणाचे आटे, शार्पनरचे पाते, दार अडवायला ठोकलेला लाकडाचा तुकडा असे काहीबाही मुले शोधून आणतात आणि सगळ्यात जास्त वाद याच क्लिपवर होतो.

सहापेक्षा जास्त कोडी देण्याचा मोह टाळा. एका कोड्याला शोध, चर्चा, सराव आणि चित्रण धरून चारेक मिनिटे लागतात. सहा गुणिले चार म्हणजे 24 मिनिटे. दहा कोडी दिली की मुले विचार सोडून आकडा पुरा करायला लागतात. यादी कागदावर मोठ्या अक्षरात छापा किंवा लिहा. प्रत्येक कोड्यापुढे ‘चित्रण कोणी केले’ आणि ‘कोण बोलले’ असे दोन रकाने ठेवा. त्यांचा उपयोग पुढे येतो.

फोन, परवानगी आणि खाजगीपणा

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती या दोन्ही गोष्टी आधी हातात हव्यात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. संमतीच्या चिठ्ठीत तीन गोष्टी स्पष्ट लिहा : क्लिप कुठे पाहिल्या जातील, किती दिवस ठेवल्या जातील आणि त्या कोणत्याही समाजमाध्यमावर जाणार नाहीत. त्याहून सोपा उपाय म्हणजे चेहरे टाळणे. कॅमेऱ्यात हात आणि वस्तू, कानावर आवाज. या पाठाला तेवढे पुरते आणि बुजरी मुलेही मोकळी बोलतात.

पालकांचे फोन येणार असतील तर त्यांना एक भीती असते, मुले घरचे फोटो उघडतील याची. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचे बटण दोनदा झटकन दाबले की कुलूप न उघडताच कॅमेरा सुरू होतो. काही फोनवर ही सोय सेटिंगमध्ये चालू करावी लागते. अशा वेळी गॅलरीत फक्त त्या बैठकीतल्या क्लिप दिसतात, जुने काही दिसत नाही. फोनचा पासवर्ड मुलांना सांगायचीही गरज पडत नाही. मात्र स्क्रीन बंद होऊन पुन्हा चालू केली की आधीच्या क्लिप तिथून दिसेनाशा होतात. ‘आमचा व्हिडिओ उडाला’ अशी रड इथूनच येते. तो उडालेला नसतो, कुलूप उघडले की गॅलरीत सापडतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

चित्रण सुरू होण्याआधी प्रत्येक फोन फ्लाइट मोडवर टाका. मधेच कॉल आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबते, आणि चित्रण चुकून कुणाला पाठवले जाण्याची शक्यताही उरत नाही. रेकॉर्डिंग 1080 पिक्सेल, सेकंदाला 30 चौकटी एवढे ठेवा. 4K ची काही गरज नाही, त्याने फक्त जागा भरते. 20 सेकंदांच्या सहा क्लिप म्हणजे 2 मिनिटे. फोनप्रमाणे कमी-जास्त होते, पण मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी धरले आणि प्रत्येक क्लिप दोनदा घेतली तरी अर्धा जीबी होतो. फोनमध्ये 1 जीबी मोकळी आणि बॅटरी निम्म्याच्या वर असली की झाले.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एचईव्हीसी’ किंवा ‘एच 265’ किंवा ‘कमी जागेत साठवा’ असा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. शाळेतला जुना टीव्ही किंवा लॅपटॉप ही फाइल कित्येकदा उघडत नाही. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. ऐन वर्गात हे उमगले तर सगळी तासिका वाया जाते, म्हणून एक नमुना क्लिप आदल्या दिवशीच त्या पडद्यावर लावून पाहा.

आदल्या दिवशीची दहा मिनिटे

चित्रणाचे मोठे प्रशिक्षण नको. दहा मिनिटांत पाच गोष्टी करवून घ्या :

- लेन्स सुती कापडाने पुसा. खिशातल्या फोनची लेन्स नेहमीच तेलकट असते आणि उन्हात चित्र धुरकट येते.
- फोन आडवा धरा, दोन्ही कोपरे अंगाला टेकवा. झूम करायचे नाही, दोन पावले पुढे जायचे.
- बोलणारा फोनपासून हातभर अंतरावर हवा. त्यापलीकडे मैदानावरच्या वाऱ्यात शब्द कळत नाहीत. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.
- बटण दाबल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणून मगच बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
- प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला गट क्रमांक आणि कोडे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दोन सेकंद कॅमेऱ्यापुढे धरा.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण 36 क्लिप समोर आल्या की तिची किंमत कळते. गॅलरीतले छोटे चित्र बहुधा क्लिपच्या पहिल्या चौकटीचे असते. चिठ्ठी असली की फाइल न उघडताच ‘गट 4, कोडे 2’ दिसते. कोणतेही एडिटिंग ॲप वापरायचे नाही, हाही नियम करा. संगीत आणि तारे-फुले चिकटवण्यात मुलांची अख्खी दुपार जाते आणि टेकू कुठे हे शेवटपर्यंत ठरत नाही.

कामांची वाटणी

पाच जणांची पाच कामे : चित्रण करणारा, बोलणारा, करून दाखवणारा, यादी व घड्याळ सांभाळणारा आणि तपासणारा. तपासणाऱ्याचे काम सगळ्यात महत्त्वाचे. चित्रण सुरू होण्याआधी तो कोडे मोठ्याने वाचतो आणि त्यातल्या प्रत्येक मागणीचे उत्तर तयार आहे का ते विचारतो. ‘टेकू कुठे म्हणणार आहेस? बोट लाव.’ उत्तर नसेल तर बटण दाबायचे नाही.

प्रत्येक क्लिपनंतर कामे एक घर पुढे सरकतात. हे सक्तीचे ठेवा आणि यादीवरच्या दोन रकान्यांत नावे भरून घ्या. मोकळे सोडले तर फोन ज्याच्या घरचा त्याच्याच हातात राहतो, मिश्र गटात तो बहुधा मुलांकडेच जातो आणि मुली यादी धरून उभ्या राहतात. व्हीलचेअर किंवा कुबडी वापरणारे मूल गटात असेल तर कोडी त्याला जाता येईल अशाच जागी असली पाहिजेत. पहिले कोडे तर त्याच्या रोजच्या वाटेवरचेच आहे.

प्रत्यक्ष तासिका

पहिली 5 मिनिटे हद्द, खुणेची घंटा आणि सुरुवातीचे कोडे सांगण्यात जातील. गट 1 ने कोडे 1 पासून, गट 2 ने कोडे 2 पासून सुरुवात करायची आणि मग क्रमाने पुढे जायचे. एवढ्या एका गोष्टीने बरीचशी गर्दी टळते. पुढची 25 मिनिटे शोध. क्लिपची मर्यादा 20 सेकंद, मोजणीच्या पहिल्या कोड्याला 30 चालतील. मर्यादा कडक ठेवली की मुले आधी बोलून पाहतात, वाक्य घासूनपुसून घेतात. खरे तर ती घासाघीस हाच अभ्यास आहे.

या वेळात शिक्षकाने एका जागी उभे राहू नये, आणि उत्तर तर मुळीच सांगू नये. ‘सर, हे बरोबर आहे ना?’ याला ‘भार कोणता?’ एवढाच प्रतिप्रश्न. 20 मिनिटांनी एक घंटा, 25 मिनिटांनी शेवटची. पहिला येणाऱ्याला बक्षीस हा प्रकार टाळा. त्याने धडपडून गुडघे फुटतात आणि क्लिप पाच सेकंदांच्या होतात.

परतल्यावर क्लिप गोळा करायच्या. इंटरनेट नसले तरी अँड्रॉइडमधल्या क्विक शेअरने, म्हणजे पूर्वीच्या निअरबाय शेअरने, फाइल शिक्षकाच्या फोनवर येतात. त्यासाठी वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालू लागतात, ती फ्लाइट मोड न काढताही चालू करता येतात. थेट फोनला जोडता येणारा ओटीजी पेन ड्राइव्ह त्याहून बिनचूक. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबले जाते आणि टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. सगळ्या क्लिप गोळा करायचा अट्टहास नको. प्रत्येक गटाने स्वतः निवडलेल्या दोन घेतल्या तरी वर्गचर्चेला पुरेत. बाकीच्या नंतर.

पाहणे आणि थांबणे

सगळ्या 36 क्लिप लागोपाठ दाखवल्या तर नुसते पाहण्यातच 12 मिनिटे जातात आणि पाचव्या क्लिपपासून वर्ग कुजबुजू लागतो. त्यापेक्षा एक कोडे निवडा, त्याच्या तीन गटांच्या तीन क्लिप एकापाठोपाठ लावा आणि नेमक्या जागी थांबवा. या पाठात चुका ठरलेल्या जागी होतात.

हातपंपाच्या क्लिपमध्ये मुले दांडा धरलेल्या हाताला ‘भार’ म्हणतात, कारण थकवा तिथेच जाणवतो. चित्र थांबवून विचारा : हात सोडला तर काय खाली जाईल? आतली सळई आणि पाणी. मग तो भार, आणि हात हे बल. त्यानंतर टेकूपासून हातापर्यंतचे आणि टेकूपासून सळईपर्यंतचे अंतर पडद्यावरच पट्टीने मोजायला लावा.

ध्वजस्तंभाच्या क्लिपमध्ये ‘कप्पीमुळे जोर कमी लागतो’ हे वाक्य हमखास येते. एका स्थिर कप्पीने जोर कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. उलट घर्षणामुळे थोडा जास्तच लागतो. खाली ओढताना आपले वजन मदतीला येते म्हणून सोपे वाटते. चिमट्याच्या बाबतीतही तसेच. यात जोर वाचत नाही, उलट जास्त लावावा लागतो. बोटे थोडी हलतात आणि टोके जास्त हलतात, शिवाय हात पोळत नाही, हा फायदा. ‘यंत्र म्हणजे जोर वाचवणारे’ ही समजूत इथे मोडते, आणि या पाठातून एवढे एक जरी मुलांच्या हाती लागले तरी दोन तासिका वसूल.

रॅम्पच्या क्लिपमध्ये आकड्यांकडे पाहा. उंची 45 सेंटिमीटर आणि लांबी 5.4 मीटर असेल तर 12 पट. व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधताना 1 ला 12 हा उतार धरतात. शाळेचा रॅम्प 7 किंवा 8 पटच निघाला तर वर्गात चांगला प्रश्न उभा राहतो, आणि मुख्याध्यापकांसमोरही. कधी एका गटाचे उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. अशा वेळी दोघांनी लांबी आणि उंची कुठून कुठपर्यंत मोजली ते क्लिपमध्ये पाहा.

वेळ असेल तर शेवटी अदलाबदल करा : प्रत्येक गट दुसऱ्याची एक क्लिप पाहून त्यातली एक बरोबर गोष्ट आणि एक शंका कागदावर लिहितो. ‘छान’ हा शेरा बाद.

गुण

एका क्लिपला 4 गुण : वस्तू कोड्यात बसते 1, ती चालताना दिसते 1, भाग बोटाने दाखवले किंवा माप वाचता आले 1, कारण स्वतःच्या शब्दांत सांगितले 1. चित्राच्या देखणेपणाला आणि वेगाला गुण नाहीत. आकारिक मूल्यमापनात याची नोंद ‘उपक्रम/कृती’ किंवा ‘प्रात्यक्षिक’ या साधनाखाली करता येते. वैयक्तिक नोंदीसाठी यादीवरचे ‘कोण बोलले’ आणि ‘चित्रण कोणी केले’ हे रकाने कामी येतात. गटाचे गुण सरसकट पाचही जणांना वाटण्यापेक्षा त्यातले निम्मे प्रत्येकाच्या बोलण्यावर ठेवावेत.

फोन एकच असेल तर

तरीही जमते, फक्त रचना उलटी करावी लागते. शोध सगळे गट कागद-पेन्सिलीने करतात, आकृती काढून टेकू-बल-भार लिहितात, आणि चित्रणासाठी शिक्षक फोन घेऊन एकेका गटाकडे जातात. प्रत्येक गटाला एकच क्लिप, तीही सर्वांत चांगल्या उत्तराची. सहा क्लिप होतात आणि त्या सगळ्या पाहता येतात. खरे सांगायचे तर काही वर्गांना हाच प्रकार जास्त मानवतो. पहिली ते चौथी एकत्र बसणाऱ्या लहान शाळेत मोठ्या मुलाने चित्रण करायचे आणि लहानांनी करून दाखवायचे. कोडी तेवढी सोपी ठेवा : ‘ढकलले की हलते असे तीन, ओढले की हलते असे तीन’. पावसाळ्यात मोहीम व्हरांडा, वर्ग आणि मांडलेले टेबल एवढ्यात उरकते. तेव्हा पहिले आणि पाचवे कोडे बदलून घ्या.

शेवटची आवराआवर

पालकांचे फोन परत देण्याआधी त्यांतल्या क्लिप शिक्षकाने स्वतः पुसाव्यात. गॅलरीत पुसलेली फाइल बहुतेक फोनमध्ये ‘ट्रॅश’ किंवा ‘अलीकडे हटवलेले’ या खणात साधारण महिनाभर पडून राहते, तिथूनही काढा. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर फ्लाइट मोड काढून फोन इंटरनेटला लागताच क्लिप आपोआप वर चढू शकतात, म्हणून हे सगळे नेट बंद असतानाच उरकावे. क्विक शेअरसाठी वाय-फाय चालू केले असेल तर फाइल आल्याबरोबर ते बंद करा. शाळेच्या संगणकावर ठेवलेल्या क्लिपच्या फोल्डरला संमतीच्या चिठ्ठीत लिहिलेली शेवटची तारीखच नाव म्हणून द्या, म्हणजे तो कधी पुसायचा ते कुणाला शोधावे लागत नाही.